धुक्याची वेळ

रात्रीचे तीन

नामिबियातल्या गोबाबेब इथं कुइसेब नदीचं कोरडं पात्र ओलांडलं की वाळूचा समुद्र सुरू होतो. नदीच्या उत्तरेला खडीचं सपाट माळरान, दक्षिणेला शंभर मीटरच्या वर चढत गेलेली वाळूची टेकाडं आणि मधे झाडांची एक हिरवी रेघ. वाळू वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकू पाहते. नदीला एखाद्या वर्षी पूर येतो, तो पात्रात आलेली वाळू धुऊन नेतो आणि टेकाडं आहेत तिथंच थोपवून धरतो. अटलांटिकचा किनारा इथून 56 किलोमीटरवर आहे. वर्षाचा पाऊस सरासरी 25 मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही.

ऑक्टोबरातली एक रात्र धरू. दक्षिण गोलार्धात हा वसंत. टेकाडाच्या घसरत्या उतारात, मऊ वाळूखाली, एक काळा भुंगेरा पुरून आहे. लांबी दोनेक सेंटिमीटर, पाय लांबसडक, उडता अजिबात येत नाही. याचं शास्त्रीय नाव ओनिमाक्रिस अंग्विक्युलारिस. ओनिमाक्रिस ही टेनेब्रिऑनिडी कुळातली प्रजाती. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यापासून नामिबियाची सगळी किनारपट्टी धरून अंगोलाच्या नैऋत्य भागापर्यंत तिच्या चौदाएक जाती पसरलेल्या आहेत. या पट्ट्याबाहेर जगात ती कुठंही नाही. कुळ मात्र अफाट मोठं, वीस हजारांच्या आसपास जातींचं. आपल्या घरी जुन्या पिठात सापडणारा तांबडा भुंगेरा याच कुळातला. कोरड्या पिठात पाण्याच्या थेंबाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या काढणारा तो किडा ज्यांनी चाळणीत पाहिला आहे, त्यांना या कुळाची कोरड्यात तग धरण्याची ताकद वेगळी सांगायला नको.

ओनिमाक्रिस ही दिवसपाळीची प्रजाती आहे. अंग पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत तापलं की ती कामाला लागते. रात्री तीनला तिच्या साऱ्या जाती वाळूखाली स्वस्थ असतात. वरची वाळू या वेळी दुसऱ्यांची असते. लेपिडोकोरा नावाचे चपटे, गोलसर भुंगेरे खाणं हुडकत फिरतात, त्यांच्या मागावर पातळ कातडीची पाल असते, आणि वाळूतून पोहल्यासारखा पुढं सरकणारा आंधळा गोल्डन मोल वाळवी आणि किड्यांची चाहूल घेत हिंडतो.

पहाटे साडेचार

पश्चिमेकडून गार वारा सुटतो आणि चांदण्या विझायला लागतात. धुकं आलं.

किनाऱ्याला लागून बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो. त्याच्यावरून येणारी दमट हवा खालून गार होते आणि समुद्रावर ढगांचा एक पातळ, बुटका थर तयार होतो. पाऊस पडावा इतकी उंची या ढगांना कधी लाभत नाही, म्हणून समुद्राकाठी असूनही नामिब हे वाळवंट आहे. रात्री हा थर जमिनीकडे ढकलला जातो. जमीन हळूहळू चढत गेलेली. गोबाबेब समुद्रसपाटीपासून 400 मीटरवर. चढत्या जमिनीला ढग येऊन टेकतो. पायथ्याशी उभ्या माणसाला ते धुकं वाटतं, टेकाडाच्या माथ्याला तो थेट ढगच असतो. वर्षभरात या धुक्यातून इथं जमिनीला मिळणारी ओल पावसाच्या बरोबरीची, किंबहुना थोडी जास्तच भरते. शिवाय ती पावसापेक्षा कितीतरी अधिक नेमानं येते.

आता उतारावरची वाळू एके ठिकाणी हलते. अंग्विक्युलारिस बाहेर येतो.

या क्षणाचं मोल नीट लक्षात घ्यायला हवं. किड्याचं रक्त स्वतःहून तापत नाही. हवा दहा-पंधरा अंशांवर, वाळू गारठलेली, दिवसाच्या कामाला लागणाऱ्या उष्णतेच्या निम्मीही त्याच्या अंगात नाही. त्याच्याच प्रजातीतल्या, त्याच उतारात पुरलेल्या ओनिमाक्रिस लेव्हिसेप्ससारख्या जाती हलत नाहीत. हा मात्र जड पायांनी, थांबत थांबत, घसरत्या वाळूतून टेकाडाच्या धारेकडे चढू लागतो. दिवसा क्षणात पार केलं असतं ते अंतर त्याला आता फार वेळ पुरतं.

धारेवर वारा सगळ्यात जोराचा, म्हणून धुकंही तिथंच सगळ्यात जास्त अंगावर येतं. तिथं पोचल्यावर तो वाऱ्याकडे तोंड करतो, मागचे पाय ताणतो, डोकं खाली घालतो आणि पाठ उचलून धरतो. मग तो हलत नाही. धुक्याचे बारीक कण पाठीवर आपटतात, थेंब होतात, थेंब मोठे होतात आणि कौलांच्या ओळींतून पागोळ्या उतराव्यात तसे पाठीवरच्या उतारानं सरळ तोंडापर्यंत येतात. तो पितो. अशी डोकं टेकलेली काळी अंगं धारेवर ओळीनं उभी असतात.

सहा वाजता

पूर्वेला उजळतंय, सूर्य यायला अर्धा तास आहे. याच धुक्यात लेपिडोकोरांनी त्यांचं काम उरकलं आहे. त्यांची पाठ या कामाला लागत नाही, त्यांचं हत्यार म्हणजे वाळू. धुक्याच्या वाऱ्याला आडवी अशी उथळ चरी ते खोदतात, दोन्ही बाजूंना वाळूचे बारीक बांध उभे राहतात. सपाट वाळूपेक्षा या बांधांवर धुकं जास्त साचतं. मग हे भुंगेरे बांधावरून परत फिरतात आणि ओल्या वाळूतलं पाणी शोषून घेतात. शेताला बांध घालून पाणी अडवणाऱ्या आपल्या माणसांना हे काम किती अकलेचं आहे ते लगेच कळेल.

या दोन्ही गोष्टी जगाला 1976 साली कळल्या. विल्यम जे. हॅमिल्टन आणि मेरी सीली या दोघांनी डोक्यावर उभ्या राहणाऱ्या भुंगेऱ्यावरचा लेख ‘नेचर’मध्ये आणि चरी खोदणाऱ्यांवरचा ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी भुंगेऱ्यांची धुक्यापूर्वीची आणि धुक्यानंतरची वजनं घेतली होती. एका धुक्यात अंग्विक्युलारिसचं वजन सरासरी 12 टक्क्यांनी वाढत होतं, एखाद्याचं तर 34 टक्क्यांनी. साठ किलोच्या माणसानं एका सकाळी वीस लिटर पाणी पिण्यासारखं हे प्रमाण आहे.

पण लेख लिहिले जाण्याआधी कुणीतरी तिथं राहावं लागतं. प्रिटोरियाच्या ट्रान्सवाल म्युझियममधले ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स कोख यांचा या कुळावर जीव होता. त्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीला नामिबमधल्या मोहिमांतून गोबाबेबची जागा हेरली, कारण वाळू, खडीचं माळरान आणि नदी इथं एकत्र येतात आणि तिन्हींचे भुंगेरे वेगळे आहेत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं संशोधन केंद्र उभं राहिलं. भुंगेऱ्यांपायी वाळवंटात एक संस्था उभी राहिली, याचं मला फार अप्रूप आहे. कोख 1970 साली गेले आणि मूळच्या अमेरिकन असलेल्या मेरी सीलींनी केंद्राची धुरा घेतली. त्यांनी पुढचं सगळं आयुष्य या वाळवंटाला दिलं. पहाटे साडेचारला थंडीत टेकाड चढायची तयारी असलेली माणसं तिथं मुक्कामाला होती, म्हणून हे दिसलं. नऊ वाजता गाडीतून येणाऱ्याला धारेवर नुसते पायांचे ठसे दिसले असते.

साडेसात

सूर्य वर आलाय, तरी धुक्यामागं फिकट आहे. आता सगळ्यांचं पाणी पिणं चाललेलं असतं. पातळ कातडीची पाल स्वतःच्या डोळ्यांवर जमलेले थेंब जिभेनं टिपते. वाळूत पुरून शिकार धरणारा फुरशाच्या कुळातला छोटा साप अंग चपटं करतो आणि स्वतःच्याच खवल्यांवरचं पाणी चाटतो. टेकाडावरचं स्टिपाग्रोस्टिस सॅब्युलिकोला नावाचं ताठ गवत सगळ्यांत तरबेज. त्याच्या पात्यांवरून थेंब ओघळून बुंध्याशी पडतात आणि वाळूच्या अगदी वरच्या थरात कित्येक मीटर पसरलेली मुळं ते पाणी लगोलग उचलतात. भुंगेरा कितीही नावाजला गेला तरी धुकं गोळा करण्यात हे गवत त्याला भारी आहे.

नऊ ते साडेअकरा

धुकं विरलं. वाळू झपाट्यानं तापते आणि टेकाडावरची वर्दळ दिवसातल्या शिखराला पोचते.

अंग्विक्युलारिस आता उताराच्या तळाशी आहे. तिथं त्याचं अन्न वाऱ्यानं आणून टाकलेलं असतं: गवताच्या वाळक्या काड्या, बी, मेलेल्या किड्यांचे तुकडे. या उघड्या वाळूत एरवी फारसं काही उगवत नाही, तरी प्राणी जगतात ते या काडीकचऱ्यावर. हिवाळ्यात पूर्वेकडून तापलेला, कोरडा वारा सुटतो आणि पठारावरचा पालापाचोळा टेकाडांत आणून ओततो. म्हणजे अन्न पूर्वेच्या वाऱ्यानं यायचं आणि पाणी पश्चिमेच्या. पाऊस थेट पिण्यापुरता क्वचितच उपयोगी पडतो, पण तो पडला की गवत उगवतं आणि त्या गवताचा कचरा पुढं कित्येक वर्षं पुरतो. 1976 साली गोबाबेबला नेहमीच्या कित्येक पट पाऊस झाला आणि उघडी टेकाडं गवतानं भरली. तिथल्या भुंगेऱ्यांच्या संख्येचा चढउतार समजून घ्यायचा तर अशा पावसांचा माग ठेवावा लागतो.

थोडं खाली, नाराच्या काटेरी झुडपांपाशी, दुसरी जात धावताना दिसते: ओनिमाक्रिस प्लाना. नारा म्हणजे पानं नसलेली, काट्यांनी भरलेली, कलिंगडाच्या कुळातली वनस्पती. कुइसेबकाठचे टोपनार लोक तिच्या फळांवर आणि बियांवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत. प्लानाचा नर चपट्या तबकडीसारखा असतो आणि तो सेकंदाला मीटरभराच्या आसपास वेगानं पळतो. पायी चालणाऱ्या किड्यांत हा वेग विलक्षण आहे. लांब पायांमुळं अंग वाळूपासून उचललेलं राहतं, आणि वाळूला लागून असलेल्या हवेपेक्षा सेंटिमीटरभर वरची हवा बरीच गार असते. नदीच्या पात्रात, बाभळीच्या कुळातल्या मोठ्या झाडांच्या सावलीत, ओनिमाक्रिस रुगाटिपेनिस वावरतो. तिथं मादीच्या पाठोपाठ नर चालत असतो, ती वळेल तिकडं वळतो, ती थांबली की थांबतो.

या सगळ्यांचे पुढचे पंख कडक होऊन पाठीवर एकमेकांना कायमचे जोडले गेलेले आहेत. उडणं गेलं, त्या बदल्यात पाठीखाली एक बंद पोकळी मिळाली. पोटावरची श्वासरंध्रं या पोकळीत उघडतात, त्यामुळं श्वासाबरोबर बाहेर पडणारी वाफ थेट कोरड्या वाऱ्यात जात नाही. पहाटे मिळवलेलं पाणी असं दिवसभर राखलं जातं.

धोका आहेच. नामाक्वा जातीचा घोयरा सरडा जमिनीवरच चालतो, आणि हे भुंगेरे त्याचं आवडतं खाणं आहे.

बारा ते चार

वाळूचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर गेला आहे. फावड्यासारख्या तोंडाचा छोटा सरडा एक पुढचा आणि एक मागचा पाय आळीपाळीनं हवेत उचलून उभा राहतो, आणि तेही सोसेना झालं की वाळूत बुडी मारतो. भुंगेरे त्याआधीच खाली गेलेले आहेत. वीसेक सेंटिमीटर खाली दिवसरात्रीचा फरक फारसा पोचत नाही.

टेकाड रिकामं आहे तोवर एक हिशेब मांडतो.

2001 साली ‘नेचर’मध्ये अँड्र्यू पार्कर आणि ख्रिस लॉरेन्स यांचा एक छोटा लेख आला. नामिबमधल्या स्टेनोकारा भुंगेऱ्याच्या पाठीवर बारीक उंचवटे असतात, उंचवट्यांचे माथे पाण्याला धरतात, मधल्या मेणचट जागा पाणी ढकलतात, आणि या रचनेमुळं तो धुक्यातून पाणी गोळा करतो, असं त्यात म्हटलं होतं. कल्पना देखणी होती. तिच्यावरून नवे पृष्ठभाग, तंबूची कापडं, हवेतून पाणी ओढणाऱ्या बाटल्या यांचे आराखडे जगभरच्या प्रयोगशाळांतून निघाले, आणि खडबडीत पाठीचा भुंगेरा पाठ्यपुस्तकांत गेला. पुढं लक्षात आलं की अभ्यासलेला भुंगेरा स्टेनोकारा नव्हता, तो फिसास्टेर्ना क्रिब्रिपेस होता. मग 2010 साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या थॉमस नॉरगार्ड आणि मारी डाके यांनी चार जाती शेजारी शेजारी तपासल्या: गुळगुळीत पाठीच्या दोन ओनिमाक्रिस, आणि खडबडीत पाठीचे स्टेनोकारा व फिसास्टेर्ना. धुक्यात डोकं खाली घालून उभा राहिला तो एकटा अंग्विक्युलारिस. धुकं नसताना तोही तसा उभा राहिला नाही. चारही पाठींवर जमलेलं एकूण पाणी मोजलं तर त्यात फरक आढळला नाही.

म्हणजे धुक्यात ठेवली तर कुठलीही पाठ ओली होते. खडबडीत पाठीवरून बेतलेल्या कापडांचा उपयोग असेल, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण वाळवंटात पाणी मिळालं ते पाठीच्या नक्षीमुळं नव्हे. गारठ्यात उठणं, धार गाठणं, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहणं, हे सगळं ज्यानं केलं त्याला ते मिळालं. ओनिमाक्रिसच्या साऱ्या जातींत हे करताना दोनच दिसल्या आहेत, अंग्विक्युलारिस आणि उत्तरेकडची बायकलर. पृष्ठभागाची नक्कल करणं सोपं, ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. दिनक्रम सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, म्हणून तो मागं पडला. माझ्या मते या भुंगेऱ्याची खरी गोष्ट त्याच्या दिनक्रमातच आहे.

पाच वाजता

सावल्या लांबल्या, वाळू सोसवेल इतकी निवली. उन्हाळ्याकडं झुकलेल्या दिवसांत प्लानासारख्या जाती दोनदा बाहेर येतात, सकाळी आणि आता. हिवाळ्यात दुपार सौम्य असते, तेव्हा त्या दिवसातून एकदाच, मधल्या उबेत फिरतात.

उत्तरेकडं, नामिबियातल्या ‘सांगाड्यांचा किनारा’ म्हटल्या जाणाऱ्या भागापासून अंगोलापर्यंत, हाच दिवस थोडा निराळा दिसला असता. तिथल्या बायकलर, कॅन्डिडिपेनिस, लांगी अशा जातींच्या पाठी पांढऱ्या आहेत, डोकं आणि पाय काळे. पांढरी पाठ ऊन परतवते हे खरं, पण अंगाचं तापमान रंगाएवढंच वाऱ्यावर, उंचीवर आणि वाळूतून येणाऱ्या उष्णतेवरही ठरतं.

खाली वाळूत अळ्या आहेत. त्यांना धारेवर जाता येत नाही, आणि त्यांचं पाणी मिळवण्याचं तंत्र मला भुंगेऱ्यांहून अधिक थक्क करतं. ओनिमाक्रिसच्या काही जातींच्या अळ्या भोवतालच्या हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली की ती वाफ थेट शरीरात ओढून घेतात. थेंब लागतच नाही. ओलसर वाळूच्या कणांमधली हवा त्यांना पुरते.

सात ते मध्यरात्र

सूर्य समुद्राच्या बाजूला उतरतो. अंग्विक्युलारिस पुन्हा उतारात शिरला आहे. केंद्रातले लोक टेकाडांत, माळावर आणि नदीत तोंडापर्यंत पुरलेल्या डब्यांच्या सापळ्यांत पडलेले भुंगेरे मोजतात आणि परत सोडून देतात. हे काम तिथं कित्येक दशकं चालू आहे. पाऊस, धुकं आणि भुंगेरे यांच्या इतक्या लांब पल्ल्याच्या नोंदी असलेली वाळवंटं जगात मोजकी आहेत. याच केंद्रातल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात कुइसेबकाठच्या टोपनार वस्त्यांसाठी धुकं अडवणाऱ्या जाळ्यांचे प्रयोग केले. 2013 साली हा वाळूचा समुद्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

तुम्ही कधी नामिबियाला गेलात, तर लाल टेकाडांवर सूर्योदय पाहायला सगळे नेतात. त्याआधीच्या अंधारात धुकं उतरलेलं असेल तर धारेवर सावकाश, कडेकडेनं चढा, दिवा खाली धरा आणि पाय टाकण्याआधी वाळू बघा. धुकं नसेल तर चढायची घाई नको. गोबाबेबला ओल धरणाऱ्या धुक्याचे दिवस वर्षातून साधारण चाळीस ते साठ असतात, आणि बाकीच्या पहाटे हा भुंगेरा इतरांसारखाच ऊन वर येईपर्यंत वाळूखाली असतो.